धुराच्या अंगाला निजणारा गोमा

शहापुरात लग्नाची पंगत असो की कुणाच्या ओटीवरची बैठक, पैलवानांचा विषय निघाला की झोप्या गोमाची गोष्ट निघतेच. कोळशाच्या भट्टीवर राखणीला असलेला हा पैलवान निजला, भट्टी पेटून तिची राख झाली, आणि पुढे म्हसा गावच्या जत्रेत आखाड्यात उतरला तर तिथेही निजला, अशी ती गोष्ट. सांगणारा जसा असेल तसा तिला मसाला लागतो. गेल्या महिन्यात भाच्याच्या मुलीच्या लग्नात एका तरुणाने तर सांगितलं, की गोमा आखाड्यात घोरायला लागला तेव्हा पंचांनी त्याला उशी आणून दिली. सगळे हसले. मीही हसलो. तरुणपणापासून मी ह्या गोष्टीला हसत आलो आहे, आणि ती खरी कशी घडली हे ठाऊक असलेला माणूस आता बहुधा मीच एकटा उरलो आहे.

इतकी वर्षं मी हे सांगायचं टाळलं. आधी नोकरीची भीती होती. नोकरी संपली तेव्हा मुलांची लाज वाटली. मग वाटू लागलं, इतक्या जुन्या गोष्टीचं आता कुणाला काय? पण त्या उशीने मात्र मला चैन पडू दिलं नाही. कारण गोमाने जन्मात उशी घेतली नाही. तो आपलाच दंड उशाला घ्यायचा, आणि तोसुद्धा आळीपाळीने.

हे आळीपाळीचं आधी सांगतो. उजव्या कुशीवर निजलं की ताकद उजव्या दंडात उतरते, डाव्या कुशीवर निजलं की डाव्या, असं गोमाचं मत होतं. तो उताराचा नियम आहे, पाणी नाही का खाली जात, असं तो म्हणे. म्हणून झोपेत तो बरोबर कूस बदलायचा. एकदा दमून एकाच कुशीवर पडून राहिला, तर दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने त्याने टोपली उचलली नाही.

"का रे, लागलं का काय?" मी विचारलं.

"लागलं नाय भाऊ. पण बिचारा जेवला नाय काल. उपाश्याला कामाला कसं जुंपू?"

गोमा शेणव्याजवळच्या एका पाड्यावरचा. भाताची झोडणी उरकली की बायकोला घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर यायचा. मी त्या भट्ट्यांच्या ठेकेदाराकडे कारकून होतो. ठेकेदाराला आम्ही सगळे शेठ म्हणत असू. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, पेट्रोल मिळेनासं झालं होतं, आणि मोटारी पाठीला बंबासारखी टाकी लावून कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या होत्या. त्यामुळे शेठला कोळसा कितीही कमीच पडे. एकेका मोसमात आमचा मुक्काम रानारानांतून हलायचा. ज्या मोसमाची ही हकिकत आहे, त्या वर्षी आम्ही मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या रानात होतो.

भट्टी म्हणजे काय, हे आताच्या लोकांना सांगायला हवं. लाकडं उभी रचायची, त्यावर पाला घालायचा, पाल्यावर ओली माती लिंपायची आणि आत विस्तव सोडून ते सगळं कित्येक दिवस धुमसत ठेवायचं. लाकूड भाजलं पाहिजे, पण जळता कामा नये. मातीला कुठे तडा गेला की तिथून वारा शिरतो, ज्वाळ उठते, आणि कोळशाच्या जागी राख हाती येते. म्हणून भट्टीजवळ रात्रंदिवस कुणीतरी लागतंच. तडा दिसला की थाप माती, धूर जायला ठेवलेलं भोक बुजलं की पाड भोक.

ह्या कामाने भल्याभल्यांची झोप जायची. गोमाची गेली नाही. त्याने तिचे तुकडे केले.

दिसायला तो पैलवान वाटत नसे. ठेंगणा, रुंद, आणि मान म्हणून वेगळा अवयवच नाही. डोळे कायम अर्धे मिटलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, हा आत्ताच उठला असावा किंवा आता निजणार असावा. दोन्हींपैकी काहीही धरलं तरी ते खरं निघे. दुपारचं जेवण झालं की एक तुकडा, दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एक तुकडा, आणि रात्री भट्टी शांत असेल तसे दोन-चार बारीक तुकडे. मधल्या वेळात जोर, बैठका, आणि खांद्यावर सागाचा ओंडका घेऊन भट्टीभोवती फेऱ्या. निजायच्या आधी तो नेहमी एकच वाक्य म्हणायचा, "जरा जाऊन येतो." कुठे, असं कुणी विचारत नसे. तो जागच्या जागी पसरे, आणि हाक न मारता उठे.

मी एकदा त्याला म्हटलं, "इतका व्यायाम करतोस आणि अर्धा दिवस लोळतोस. ताकद येणार कशी?"

"भाऊ, जोर मारताना ताकद येत नाय," तो म्हणाला. "जोर मारणं म्हंजे नुसतं बोलावणं धाडणं. ती येते मागनं, आपण निजलो का. आन् लाजरी असते. माणूस जागा दिसला का दारातनं माघारी."

"मग रात्रभर सलग नीज की."

"सलग निजलो तर येकदाच येईल. तुकड्यांनी निजलो तर येळोयेळी येते. तुमी कारकून ना? करा हिशोब."

हे तो थट्टेने बोलत होता की खरंच मानत होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण एका बाबतीत तो कडक होता. बैठका मारून लगेच लाकडं फोडायला उठलेल्या गड्याच्या हातातून तो कुऱ्हाड काढून घ्यायचा. "आत्ता पेरलंस आन् लगी उकरून बघतोस काय रे? पड जरा." गडी बिचारा उन्हात पडून राही आणि शेठ आला की आमची सगळ्यांची धावपळ होई. गोमा सोडून. गोमा तेव्हा जाऊन आलेला नसे.

त्याची बायको बायजा. उंच, सडपातळ, बोलण्यात त्याच्यापेक्षा चलाख. लग्नाची गोष्ट तीच सांगायची, तो शेजारी बसून कोळसे निवडायचा.

"अंतरपाट धरलेला. भटजी म्हनतोय म्हनतोय, सरंना. शेवटी पाट काढला, मी हार घालायला हात वर केले, तर ह्यो उभ्या-उभ्या निजलेला. मान खाली, मुंडावळ्या डोळ्यांवर. मी म्हटलं, मेला का काय."

"भटजी लांबवत व्हता," गोमा मान वर न करता सांगे. "मी म्हटलं, तवर जरा जाऊन येतो."

"मामानं चिमटा काढला तवा जागा झाला. आन् जागा होऊन बोलतो काय, तर 'कुस्ती सुटली?'"

"तुला बघून इचारलं गो. मला काय ठावं, पुढं रोजचीच हाय ती."

शहापूरच्या तालमीशी त्याचं वाजलं ते आधीच्या मोसमात, आमच्या भट्ट्या शहापुरालगतच्या रानात असताना, आणि ह्याच झोपेवरून. तालीम जुनी, वस्ताद कडक. पहाटे कोंबडा आरवायच्या आत जो हौद्यात उतरणार नाही त्याच्या अंगावर घागरभर गार पाणी, हा नियम. गोमा आला तो भर दुपारी. दार बंद. त्याने कडी इतकी वाजवली की आत निजलेले वस्ताद लुंगी सावरत बाहेर आले.

"ही काय तालमीची वेळ आहे?"

"भट्टीवरनं आलोय वस्ताद. पहाटे भट्टी सोडता येत नाय. आमच्याकडं गाडीवाले हायत, रातची राखण करणारे हायत. त्यांना पण दुपारचीच येळ मिळते. दुपारी दार उघडाल तर लय पोरं येतील."

"दुपारी व्यायाम केलेलं अंगी लागत नाही. दुपार झोपेची नाही आणि मेहनतीचीही नाही."

"तुमी निजला व्हता ना पण आत्ता?"

"मी म्हातारा आहे."

"मग मी आत्तापासनं सराव करतो," गोमा म्हणाला.

वस्तादांनी दार लावून घेतलं. त्यानंतर सिद्धगडाखाली आलो तेव्हा गोमाने भट्टीशेजारीच जागा सारखी करून आखाडा केला. तांबडी माती होती, पण चहूकडून कोळशाची भुकटी उडून तिच्यात मिसळायची, आणि महिन्याभरात आखाडा काळा झाला. तिथे कोण पडलं ते विचारावं लागत नसे. ज्याची पाठ काळी तो पडलेला. एकदा मुरबाडचा दगडू पैलवान ह्या काळ्या आखाड्याची मौज बघायला आला. वयाने गोमापेक्षा लहान, अंगाने दीडपट. त्याला घाई होती, कारण त्याला बाजाराला जायचं होतं. गोमाने त्याची घाई लवकर उरकली. दगडू ओढ्यावर धुवायला गेला, पण स्वतःची पाठ स्वतःला कुठे दिसते? तो तसाच भरल्या बाजारातून फिरला. भाजीवाल्या बायका सुद्धा म्हणाल्या म्हणे, "भट्टीवर जाऊन आलात वाटतं." ही गोष्ट मुरबाडात बरेच दिवस चालली, आणि दगडूला ती चांगलीच झोंबली.

आता गोमा आपला आपण उठायचा कसा, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इतर माणसं भट्टीच्या वरच्या अंगाला, धूर येणार नाही अशी जागा बघून निजत. गोमा मुद्दाम खालच्या अंगाला, धुरात निजायचा. वारा फिरला की झोपेतून उठून आपली कांबळ उचलून पुन्हा धुराच्या अंगाला नेऊन टाकायचा. ओल्या लाकडाचा धूर वेगळा, भाजत आलेल्याचा वेगळा, आणि कुठे वारा शिरून लाकूड जळू लागलं तर त्याचा आणखी वेगळा. वास तोच राहिला तर गोमा ढाराढूर. वास पालटला की जागा. त्याचं नाक राखणीला बसे आणि बाकीचा गोमा निजे.

ह्या नाकाने त्याला एकदाच फसवलं. कोळशावर चालणारी मुरबाडची मोटार आमच्या रानाजवळच्या चढावर रुसली. गोमाने खांदा लावून ती वर चढवली. ड्रायव्हर खूश होऊन म्हणाला, बस मागे, पुढच्या वळणापर्यंत सोडतो. गोमा मागच्या बाकावर टेकला, "जरा जाऊन येतो" म्हणाला आणि गेला. पाठीमागे टाकीत कोळसा धुमसत होता, वास एकसारखा नाकात येत होता. भट्टी नीट चालली आहे अशा समजुतीत तो थेट मुरबाडला पोचला. तिथे ड्रायव्हरने टाकी झाडली, राखेचा वास सुटला, तेव्हा हा "माती आण गो, माती!" करीत उठला आणि भर स्टँडवर पाण्याचं डबडं उचलून धावला. परत यायला त्याला रात्र झाली. बायजाने दोन दिवस त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणून हाक मारली.

त्या वर्षी म्हशाच्या जत्रेत दगडूने गोमाला जाहीर आव्हान दिलं. बाजारातली पाठ त्याला पुसायची होती. ही बातमी शहापूरच्या वस्तादांच्या कानावर गेली. ते शेठकडे काही कामाने आले होते, तेव्हा मीच विषय काढला. वस्ताद हसले. "दिवसा निजून आणि धुरात लोळून कुणी दगडूला पाडणार असेल, तर मी तालमीचं दार दुपारी उघडीन. किल्लीच देतो गोमाच्या हातात." शेठने ते ऐकलं, गाडीवाल्यांनी ऐकलं, आणि दोन दिवसांत सगळ्या भट्ट्यांवर ते पोचलं. एरवी कुस्तीशी संबंध नसलेली माणसं गोमाला शेळीचं दूध आणून देऊ लागली. त्यांना दुपारची तालीम हवी होती. दिवसभर राबून रात्री राखण करणाऱ्यांना कुणी कधी तालमीत या म्हटलेलं नव्हतं.

मीही उत्साहात होतो. फार उत्साहात होतो. माझ्याजवळ आरोग्याचं एक पुस्तक होतं, शेठच्या पेढीवर कुणीतरी विसरून गेलेलं, पुढची आणि मागची पानं गेलेलं. मधल्या पानांत लिहिलं होतं की शरीर कमावणाऱ्याने रात्री शुद्ध हवेत सलग निद्रा घ्यावी. मला ते पटलं होतं. गोमाचा सगळा गाडा चुकीच्या बाजूने चाललेला असूनही तो एवढा बळकट आहे, मग योग्य बाजूने चालला तर केवढा होईल, असा माझा तर्क. कुस्तीच्या आदल्या रात्री मी विषय काढला.

"गोमा, आज तरी माणसासारखा नीज."

"आन् आतापर्यंत कसा निजत व्हतो?"

"कुत्र्यासारखा. जरा खुट्ट झालं की कान वर."

"दमलेलं कुत्रं बघितलंय का कंदी तुमी?"

"थट्टा नको. उद्या एवढी कुस्ती आहे. वर खोपटात नीज, तिकडे हवा चांगली आहे. सकाळपर्यंत उठायचं नाही."

"आन् भट्टी?"

"मी बघतो."

गोमाने माझ्याकडे दोन्ही डोळे पूर्ण उघडून पाहिलं. असं तो क्वचितच करी.

"निजा की आज," बायजा म्हणाली. "भाऊ शिकलेले हायत. लिवलंय ते पुस्तकात."

"भट्टीला वाचता येतं काय गो?" तो म्हणाला. पण कांबळ उचलली. मला आजही वाटतं, त्याला माझं म्हणणं पटलं नव्हतं. माझं मन मोडू नये म्हणून तो उठला. जाताना सांगून गेला, "धूर बघत बसू नका भाऊ. डोळा फसतो. वास घ्या. वास पालटला का हाक मारा. आन् माती ओली ठेवा."

खोपट भट्टीच्या वरच्या अंगाला होतं. तिथे धुराचा मागमूस नव्हता. मी स्वतः दाराचा झाप लावून घेतला.

पौषातली थंडी. पाठीला भट्टीची ऊब. मी पुस्तकातलं ते पान आठवत बसलो होतो, एवढं मला आठवतं.

जाग आली ती बायजाच्या ओरडण्याने. वारा फिरून वास खोपटापर्यंत गेला होता, पण तोवर उशीर झाला होता. भट्टीची एक बाजू खचून आत पडली होती आणि तिथून ज्वाळ उठत होती. गोमा धावत आला. मी कालवून ठेवायची माती सुकून ढेकळं झाली होती. पाणी ओढ्यावर. त्याने भट्टीच्या पायथ्याची तापलेली मातीच दोन्ही हातांनी उपसायला सुरुवात केली. फावडं शोधायला त्याला वेळ नव्हता, आणि फावडं कुठे ठेवलं ते मला आठवत नव्हतं. ती भट्टी गेली. शेजारच्या भट्ट्या मात्र त्याने पेटू दिल्या नाहीत. बायजा पाणी आणत होती, बाकीचे लोक उठून आले होते, आणि मी मधे मधे पळत होतो.

उजाडलं तेव्हा तो ओढ्याच्या काठी हात पाण्यात घालून बसला होता. तळव्यांची कातडी सुटली होती. बायजाने कोरफडीचा गर लावला आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"गोमा, कुस्ती सोड," मी म्हटलं. "मी सांगतो सगळ्यांना."

"काय सांगाल?" त्याने विचारलं.

मी खाली पडलेल्या चिंध्या गोळा करू लागलो. मग गोमाच म्हणाला, "गाड्या जुंपून झाल्यात भाऊ. सगळी भट्टीवाली निघालीत. कुणी नवं धोतर नेसलंय. त्यांना मागं फिरवू काय?"

बैलगाडीत गवतावर तो आडवा झाला. "जरा जाऊन येतो," म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. म्हशापर्यंत ते उघडले नाहीत. गाडीवाला मला खूण करून म्हणाला, बरं झालं, झोप मिळाली. पण मला ठाऊक होतं. निजलेला गोमा कूस बदलायचा. ह्या गोमाने साऱ्या वाटेत एकदाही कूस बदलली नाही.

जत्रेत आखाड्याच्या कडेला शेठ आणि वस्ताद बसले होते. भट्टी गेल्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. शेठने मला बोलावून विचारलं, "भट्टी पेटली तेव्हा हा कुठे होता?"

गोमा माझ्यापासून पाच हातांवर उभा होता. चिंध्या सोडून हातांना आखाड्याची तांबडी माती चोळत होता, भाजलेलं दिसू नये म्हणून.

मी म्हणालो, "गोमा निजलेला होता."

एवढंच. पुढे एक शब्द नाही. राखणीला कोण होतं हे शेठने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वस्ताद हसून म्हणाले, "मी काय म्हणत होतो?" शेठ गोमाकडे वळला. "खरं का रे?"

गोमाने माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखे अर्धे मिटलेले डोळे.

"खरं हाय शेठ," तो म्हणाला. "व्हतो निजलेला."

मग तो आखाड्यात गेला. सलामीला दगडूने त्याचे तळवे दाबले तेव्हा त्याचा चेहरा हलला नाही, पण मान आखडली. ज्याला मान नाही त्याची मान आखडलेली मी तेवढीच पाहिली. पकड घ्यायला तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा त्याचे हात निसटले. त्या आगीच्या धुराने डोळे सुजून मिटत होते. तिसऱ्यांदा दगडूने त्याला उचलला आणि आपटला. पाठ लागल्यावर तो क्षणभर डोळे मिटून तसाच पडून राहिला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "निजला रे, निजला!" आणि अख्खी जत्रा हसली.

झोप्या गोमा हे नाव तिथे पडलं. उशी नंतर आली.

परतताना गाडीत आम्ही दोघंच पुढे बसलो होतो. मागे भट्टीवाले होते. ज्याने नवं धोतर नेसलं होतं त्याने ते मळू नये म्हणून गुडघ्यापर्यंत वर घेतलं होतं. बऱ्याच वेळाने गोमा म्हणाला, "खोटं नाय बोललात भाऊ तुमी."

मी बैलांच्या शिंगांकडे बघत राहिलो.

"तुमच्या त्या पुस्तकाला मात्र जरा धूर दाखवा," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही, आणि मला हसू येत नाही हे बघून त्याने विषय बदलला. दगडूचा डावा दंड उजव्यापेक्षा बारीक आहे, तो एकाच कुशीवर निजत असणार, असं काहीतरी सांगू लागला.

शेठने पुढच्या मोसमात त्याला भट्ट्यांवर घेतलं नाही. तालमीचं दार दुपारी बंदच राहिलं. वस्ताद गेल्यावरही त्या दाराची वेळ कुणी बदलली नाही. काळ्या आखाड्यावर पावसाळ्यानंतर रान माजलं. मी शेठच्या पेढीवर बढती घेऊन शहापुरात बसलो, लग्न केलं, आणि झोप्या गोमाच्या गोष्टीला हसायला शिकलो.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. स्वराज्य मिळून गेलं होतं. कुणीतरी म्हणालं, गोमा खर्डी स्टेशनाबाहेर लाकडाच्या वखारीत हमाली करतो. मी मुद्दाम गेलो. वाटेत काय बोलायचं ते जुळवलं. लांबलचक होतं, ते कापून कापून शेवटी एकच वाक्य राहिलं.

वखारीशेजारी चहाचं दुकान होतं, त्याच्या भट्टीचा धूर पोत्यांच्या ढिगावरून जात होता. त्याच ढिगावर, बरोबर धुराच्या अंगाला, गोमा निजला होता. केस पांढरे झाले होते, दंड मात्र तसेच. मी शेजारच्या पोत्यावर बसलो. हाक मारावी म्हणून दोनदा तोंड उघडलं. पण ज्या माणसाला मी एकदा नको तेव्हा निजवलं होतं, त्याला आता नको तेव्हा उठवायचं माझ्या जिवावर आलं.

तेवढ्यात वारा फिरला आणि धूर माझ्या तोंडावर आला. मी खोकलो.

"हिकडनं बसा भाऊ," गोमा डोळे न उघडता म्हणाला. "तिकडं तुमाला धूर लागंल."

इतक्या वर्षांनी, डोळे मिटून, त्याने मला कशावरून ओळखलं कोण जाणे. मी उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला बसलो.

"बरा आहेस ना गोमा?"

"झ्याक हाय. बायजा पण बरी हाय. तुमाला शिव्या घालते अजून." त्याच्या ओठांवर हसू आलं. "चहा सांगा दोन. माझी पोती भरायची हायत, त्याच्या आधी जरा जाऊन येतो. आलो का बोलू."

"गोमा, मला तुला..."

"आलो का बोलू, भाऊ."

मी थांबलो. चहा आला, निवला. वाटलं, हा नुसता डोळे मिटून पडला आहे, गाडीतल्यासारखा, आणि माझं वाक्य ऐकायची ह्याला इच्छा नाही. मग त्याने कूस बदलली. उजवा दंड सोडून डावा उशाला घेतला, आणि मोकळा झालेला उजवा हात पोत्यावर उताणा पडला. तळव्यावरची कातडी गुळगुळीत होती, चकाकत होती, तिच्यावर एकही रेघ उरली नव्हती. तो खरोखर निजला होता.

माझी गाडी लागली. मी त्याचा चहा बशीने झाकून ठेवला आणि निघालो. पुढच्या आठवड्यात परत येऊ, असं म्हणून निघालो. पुढचा आठवडा गेला, मग पुढचं वर्ष. एका पावसाळ्यानंतर कळलं की गोमा पाड्यावर, दुपारच्या तुकड्यात गेला. उठवायला गेलेल्या बायजाला ते लवकर कळलंच नाही म्हणतात.

ते वाक्य अजून माझ्याजवळ तसंच आहे. गोमा, त्या रात्री तुला निजवणारा मी होतो, आणि जागं राहायचं होतं ते मी.